धानोऱ्याच्या वाटेवरचे लाल ठिपके

धानोऱ्याच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो. तिथे हिवाळ्याच्या सकाळी समोरून येणारी बैलगाडी आधी ऐकू येते आणि बऱ्याच वेळाने दिसते. घुंगरांचा आवाज कधी डावीकडून आल्यासारखा वाटतो, कधी वरून. मग धुक्यातून बैलांची शिंगं उमटतात, आणि गाडीवान पुढे गेला तरी आपण त्याला खरंच पाहिलं की नाही अशी शंका राहते. त्या वाटेवर मी एका हिवाळ्यात पायी फिरलो. ज्यांचं त्या बाजूला कधी जाणं झालं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी नागभीडचा. वडील धानाच्या गिरणीत पोती उचलायचे. घरात कॉलेजात गेलेला पहिला मी. आमच्या शाळेत महाराष्ट्राचा एकच नकाशा होता, कडा फाटलेला, आणि त्यावर नागभीड नव्हतं. भूगोलाच्या गुरुजींनी एक दिवस पेनाने तिथे ठिपका काढला आणि म्हणाले, "हे घ्या, आता आपण आहोत." त्या ठिपक्यामुळे मी भूगोल घेतला, चंद्रपूरला पदवी केली आणि नागपूरच्या एका छोट्या संस्थेत लागलो. दोन हजार साल उलटून थोडाच काळ झाला होता. उपग्रहावरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रं तेव्हा आमच्यासारख्यांच्या हाती नुकतीच येऊ लागली होती. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, करड्या रंगाचं ते यंत्र संस्थेने माझ्या हवाली केलं तेव्हा आईने त्याला हळद-कुंकू लावलं. पडद्यावर लागलेला हळदीचा डाग पुढे कित्येक दिवस गेला नाही.

काम असं होतं. याच वाटेवरच्या घाटाच्या जंगलात एक चितळ मरून पडलं होतं. त्याच्या पोटात पन्न्यांचा गोळा निघाला. आमच्याकडे प्लास्टिकच्या पातळ पिशवीला पन्नी म्हणतात. या पन्न्या रस्त्यावरच्या टपऱ्यांच्या होत्या, आलुबोंडे, भजे, तळलेली मासोळी बांधून देतात त्या. त्या रस्त्यावर अशा तीन टपऱ्या. रेंजर साहेबांनी तिघांनाही बोलावून सांगितलं होतं की ज्याच्या पन्न्या जंगलात सर्वांत जास्त सापडतील त्याची टपरी उठेल. पण कोणाची पन्नी कोणती हे ओळखायचं कसं? त्यासाठी आमच्या संस्थेने एक साधी युक्ती काढली. प्रत्येकाने आपल्या पन्नीची गाठ वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधायची. मी यंत्र घेऊन रस्ता पायी तुडवायचा, आणि जिथे पन्नी दिसेल तिथे उभं राहून जागा आणि रंग नोंदवायचा.

शेवटचा फाटा

गडचिरोलीहून येणारी एसटी जंगलाआधीच्या शेवटच्या फाट्यावर थांबते. तिथे पार्बताबाईची टपरी होती. चार बल्ल्या, वर गवत, समोर मातीची चूल, आणि कढईतल्या तेलाचा वास थेट बसच्या दारापर्यंत. पार्बताबाई पन्नाशीच्या आतबाहेरची, ढिवराच्या घरची. नवरा मारोतीभाऊ गावच्या तलावात जाळं टाकायचा. तलावात पाणी असेतो मासोळी, नंतर ही टपरीच. त्यांच्या दोन मुली धानोऱ्याला शिकत होत्या. हे सगळं मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं, कारण बाईने मला बसवलं, बोंडा दिला आणि स्वतःच सांगून टाकलं.

"पयले खा," ती म्हणाली. "मंग उठवा आमाले."

"मी उठवायला नाही आलो बाई. मी फक्त मोजणार."

"मोजनारेच उठवते. तलाठी बी फक्त मोजतेच."

मारोतीभाऊ जाळ्याची गाठ दातात धरून हसला. "तिच्या तोंडी नको लागू भाऊ. मी तीस साल झाले लागून राह्यलो, अजून एक डाव जितलो नाई."

मी पिशवीतून तीन रंगांची रिळं काढली. पांढरं आणि पिवळं आधीच्या दोन टपऱ्यांत देऊन आलो होतो. तिसरं रीळ लाल. बाईने ते हातात फिरवून पाहिलं.

"लाल माह्या वाट्याले. लांबून दिसते लाल."

"रंग बदलून देऊ का?"

"राहू दे. लपवाचं असतं तं हिरवं मांगतलं असतं."

आमच्या नागभीडला स्टेशनवर समोसा अजून रद्दी कागदात मिळायचा. इथे मात्र सगळं पन्नीत होतं: बोंडा, चटणी, मासोळी, चहासुद्धा. चहाची पन्नी रबराने बांधून न्यायची आणि कोपरा दातांनी तोडून प्यायचा. मी तसा प्यायला गेलो आणि अर्धा चहा सदऱ्यावर सांडला. दसरूभाऊ जोरात हसला. साठीचा हा गोंड गृहस्थ वनमजुरीवर जायचा आणि रेंजर साहेबांनी त्याला माझ्यासोबत दिलं होतं. एकट्या परक्या पोराने हातात यंत्र घेऊन त्या जंगलात फिरू नये, हे त्या दिवसांत कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

उपग्रहांची वाट पाहताना

दुसऱ्या सकाळपासून आम्ही चालू लागलो. मी रस्त्याच्या डावीकडे, दसरूभाऊ उजवीकडे. पन्नी दिसली की तो काठी आपटायचा, मी धावत जायचो, यंत्र डोक्यावर धरायचो आणि थांबायचो.

हे थांबणं मला अजून आठवतं. यंत्राला चार तरी उपग्रह लागत. सागाखाली, मोहाखाली ते बिचारं चाचपडायचं, पडद्यावर रिकाम्या पट्ट्या दिसायच्या. मग एक पट्टी भरायची, मग दुसरी. तेवढ्या वेळात जंगल हळूहळू आपले आवाज परत सुरू करायचं. पानावरून दव पडायचं. दूर कुठे लाकूड तोडल्याचा ठोका यायचा आणि खूप उशिरा त्याचा प्रतिध्वनी. मी वर पाहायचो. फांद्यांच्या जाळीतून पांढरं आभाळ दिसायचं आणि वाटायचं, इतक्या उंचावर काहीतरी फिरतं आहे आणि ते आत्ता धानोऱ्याच्या जंगलातली एक तेलकट पिशवी शोधतं आहे.

"काय म्हनते?" दसरूभाऊ विचारायचा.

"शोधत आहे."

"माह्या सारखंच हाय. सकाळी बिडी भेटेपर्यंत मले बी काई समजत नाई."

पुढे त्याला यंत्राचा लळाच लागला. ते बंद पडलं की तो त्याला गोंडीत काहीतरी समजावून सांगे. एकदा धानोऱ्याच्या बाजारातून घेतलेले पेन्सिल सेल तासाभरात संपले. तेव्हा त्याने ते उन्हात एका दगडावर मांडून ठेवले आणि खरंच अजून थोडा वेळ ते चालले.

दुपारी आम्ही नाल्याच्या रेतीत बसून भाकरी खायचो. दसरूभाऊच्या पानात अंबाडीची भाजी आणि वाळलेली मासोळी असायची. रेतीतला झरा उकरून पाणी काढायचं, ते निवळेपर्यंत गप्प बसायचं. त्याच्याकडे जेवताना बोलण्याची रीत नव्हती. आमच्या घरी जेवताना सगळे एकदम बोलतात. मला ते गप्प जेवण इतकं आवडलं की परतल्यावर मी घरी तसं करून पाहिलं, पण आई घाबरली आणि माझं डोकं तापलं का ते पाहू लागली.

ठिपके जमत होते. पिवळे रस्ताभर विखुरलेले, पांढरे गडचिरोलीकडच्या बाजूला. लाल मात्र कमी. टपरीपासून एक बोंडा खाऊन व्हायला जितका वेळ लागतो तितकं अंतर गेलं की एखादी लाल दोऱ्याची फाटकी पन्नी दिसे, आणि मग लांबवर काहीच नाही. मला मनातून बरं वाटू लागलं होतं. संध्याकाळी बसची वाट पाहत टपरीवर बसलो की पार्बताबाई काही विचारत नसे. पण तिचा झारा कढईत थांबे, आणि मी "आज फारशा नाही" म्हटलं की पुन्हा फिरू लागे.

घाटावरचा देव

घाट चढून गेल्यावर एक मोठा मोह आहे. त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड, आणि भोवती मातीचे घोडे. काही नवे, काही पावसाने पाय गळालेले, काही निव्वळ मातीची ढेकळं झालेली. त्या सकाळी धुकं घाटाखालीच थांबलं होतं आणि वर कोवळं ऊन होतं. घोड्यांचा कळप गवतातून कुठेतरी निघाला आहे आणि आपली चाहूल लागून क्षणभर थबकला आहे, असं मला वाटलं.

आणि मग मला दोरे दिसले. मोहाच्या मुळांत, घोड्यांच्या मधून, दगडामागे, सगळीकडे लाल.

दसरूभाऊने काठी आपटली नाही. तो नुसता उभा राहिला.

मी यंत्र वर धरलं. मोहाची सावली दाट होती, पट्ट्या रिकाम्याच राहिल्या.

"नाई दिसत त्याले," दसरूभाऊ म्हणाला. "मंग लिव ना, नाई दिसलं म्हनून. मशीनच बोलते नाई, तं तू काऊन बोलतं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या जागी उपग्रह मिळत नाहीत तिथली नोंद सोडून देण्याची मुभा मला होती. डोळ्यांसमोर कढईत थांबलेला झारा येत होता. पण ते पोटात गोळा निघालेलं चितळ याच घाटाखाली पडलं होतं. शेवटी मी सावलीच्या बाहेर रस्त्यावर गेलो, उपग्रह मिळवले, आणि देवाच्या जागेचं अंतर पावलांनी मोजून एकेक लाल ठिपका भरला. पडद्यावर त्या जागी लाल रंगाचं नाव एकावर एक इतकं जमलं की खालचा आकडाही वाचता येईना.

नोंदवताना एक गोष्ट विचित्र वाटली. रस्त्यावरच्या पन्न्या फाटलेल्या, रिकाम्या असत. इथल्या सगळ्या गाठ मारलेल्या होत्या, आणि आत अख्खा बोंडा. वाळलेला, बुरशी आलेला, पण अख्खा. काही पन्न्या वानरांनी ओरबाडल्या होत्या, बाकी तशाच.

आम्ही तिथेच बसून राहिलो. ऊन वर आलं तेव्हा बांबूने भरलेला एक ट्रक चढ चढून आला आणि थांबला. ड्रायव्हर उतरला, चपला काढल्या, लाल दोऱ्याची पन्नी घोड्यांमध्ये ठेवली आणि हात जोडले.

मी जवळ जाऊन विचारलं, "हे काय ठेवलं भाऊ?"

"पयला घास. घाटावरच्या देवाचा. देल्याशिवाय कोनी उतरत नाई."

"मग गाठ तरी सोडायची. त्याने खायचं कसं?"

ड्रायव्हरने माझ्याकडे, शिकलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "उघडलं का उष्टं होते. आपला हात, आपला वास. देवाचं जसं आलं तसं ठेवा लागते."

ट्रक घाट उतरून गेला. पूर्वी बैलगाडीवाले शिदोरीतला घास पळसाच्या पानात मुडपून ठेवायचे, असं दसरूभाऊने सांगितलं. ते पान कुजायचं, मुंग्या घास न्यायच्या, देवापुढची जागा रिकामी व्हायची. शिदोरी गेली, पार्सल आलं. घाटाआधीची शेवटची टपरी पार्बताबाईची, म्हणून देवाचा घास तिच्याकडून. कोणी काही वाईट केलेलं नव्हतं. आणि तरी चितळ मेलं होतं.

सांगितलं तेव्हा

संध्याकाळी मी टपरीवर गेलो आणि बसण्याआधीच सांगितलं. "बाई, घाटावर सगळे लाल आहेत. मी सगळे भरले."

झारा थांबला. या वेळी पुन्हा फिरला नाही. भजे करपू लागले तसे मारोतीभाऊने उठून ते काढले.

"तुमच्या मशीनले आमचीच टपरी भेटली का?" ती म्हणाली. "मी काय मांगं मांगं जाऊन फेकतो? देवाले नेतो म्हनते, मी बांधून देतो. देवाले नाई म्हनू का?"

"नाही. पण गाठ सोडत नाहीत, आणि जनावर पन्नीसकट गिळते."

"गाठ सोडली का उष्टं होते ना."

"हो. तेच तर."

तेलातून हळूहळू धूर येत होता. मग ती मारोतीभाऊला म्हणाली, "तुमची माय कशी देत होती? पान मुडपून, वरून काडी?"

"चार कोने आत, बांबूची काडी आरपार," तो म्हणाला. "काडी काढल्याशिवाय उघडत नाई."

"मंग ते बी बंदच हाय ना," पार्बताबाई म्हणाली. "बंद हाय म्हनजे उष्टं नाई."

दुसऱ्या दिवशी तिने मला रेंजर साहेबांकडे एकट्याला जाऊ दिलं नाही. ती स्वतः आली, पदरात पळसाच्या पानाचे चार पुडे घेऊन. नकाशाचा कागद मेजावर पसरला होता आणि घाटावरचा लाल डाग दुरूनही दिसत होता. साहेबांनी तो पाहिला, मग माझं म्हणणं ऐकलं.

"देवाला ठेवली काय आणि गाडीतून फेकली काय," ते म्हणाले, "पन्नी ती पन्नीच. जनावराला फरक कळत नाही."

"मले बी नाई कळत साहेब," पार्बताबाई म्हणाली. "कोन देवाले नेते, कोन फेकते, तोंडावर कुठी लिवून राह्यते? मी आता सगळ्यायले सोबत हा पुडा देतो. देवाचं पानात, मानसाचं पन्नीत. मंग पुन्हा मोजा. तेव्हा लाल दिसलं तं मीच टपरी उपटतो, तुमचा मानूस पाठवू नका."

साहेबांनी एक पुडा उचलून काडी काढली, आतला छोटा बोंडा पाहिला, आणि पुन्हा काडी घालायला गेले तर त्यांना जमेना. बाईने तो त्यांच्या हातून घेऊन नीट बंद केला. "संक्रांतीपर्यंत," ते म्हणाले.

पुन्हा तीच वाट

संक्रांतीनंतर मी परत गेलो तेव्हा धान निघून बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रिकाम्या झाल्या होत्या, आणि धुक्यात त्या पाण्यासारख्या दिसत होत्या. या खेपेला रेंजर साहेब जीप ठेवून आमच्यासोबत पायी चालले. टपरीपुढच्या वळणांवर लाल दोऱ्याच्या काही फाटक्या पन्न्या मिळाल्याच. खिडकीतून फेकणारा हात पानाच्या पुड्याने थोडाच बदलतो? मी त्या भरल्या. दसरूभाऊने प्रत्येक वेळी काठी आपटली, पण हळू.

घाटावर मी यंत्र सुरू केलं आणि उभा राहिलो. मोहाच्या मुळांत पानं होती, हिरवी, तपकिरी, वानरांनी उलगडून टाकलेली, मुंग्यांनी कुरतडलेली. मातीच्या घोड्यांच्या पायांशी बारीक काड्या पसरल्या होत्या. आधीच्या पन्न्या पार्बताबाईने मुलींना घेऊन येऊन वेचून नेल्या होत्या. दगडापाशी आदल्या दिवशीचा एक पुडा अजून बंद होता. साहेबांनी छडीने मागची बाजू, मुळांच्या खोबणी, सगळं पाहिलं. एक पिवळ्या दोऱ्याची पन्नी मिळाली, लाल एकही नाही.

मोहाच्या सावलीतही त्या दिवशी यंत्राच्या पट्ट्या एकामागून एक भरल्या. जागा नेमकी कळली आणि नोंदवायला काही नव्हतं. मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो. खालच्या दरीतून धुकं वर येऊन घोड्यांच्या गुडघ्यांपर्यंत पोहोचलं, आणि तो कळप पुन्हा चालू लागल्यासारखा वाटला.

"राहू द्या तिची टपरी," साहेब चपला घालत म्हणाले. "आणि त्या दोघांनाही पुडे करायला सांगा."

आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा दुपारची बस लागली होती. मी पार्बताबाईला सांगितलं. तिने मान हलवली आणि मारोतीभाऊला म्हणाली, "उद्या तेल जास्त आना." एवढंच. मग ती बसच्या ड्रायव्हरचं पार्सल बांधू लागली. पानाचा पुडा वेगळा काढून दिला आणि बोंड्याच्या पन्नीला नेहमीसारखा लाल दोरा गुंडाळला.

"आता दोरा कशाला बाई?" मी म्हटलं. "मोजणी संपली. बाकी दोघांनी आजच बंद केला."

"त्यायचं त्यायले माहीत," ती म्हणाली. "जंगलात भेटली तं कोनाची हाय समजलं पायजे. दुसऱ्याची माह्या नावावर नको, माही दुसऱ्याच्या नावावर नको."

ड्रायव्हर खिडकीतून वाकून पाहत होता. "काय बाई, राखी बांधून राह्यली का पन्नीले?"

"राखीच समज," पार्बताबाई म्हणाली. तिने दातांनी दोरा तोडला आणि पन्नी त्याच्या हातात दिली. "अन् राखी कोनी खिडकीतून फेकत नाई."

ड्रायव्हर हसला. बस घाटाकडे निघाली. मला घाटापलीकडून पुढची गाडी धरायची होती, म्हणून मी त्याच्या मागच्याच बाकावर बसलो होतो. घाट चढेपर्यंत त्याने बोंडा संपवला, रिकाम्या पन्नीची घडी घातली, क्षणभर खिडकीकडे पाहिलं, आणि ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. खिशाबाहेर दोऱ्याचं एक टोक राहिलं होतं. वळणावर गाडी हलली की तेही हलत होतं.